हेडली बफ्टनच्या नव्या बंदुकीचा नेम

हेडली बफ्टनला नँटहोपमध्ये कुणी कधी हुशार म्हटलं नाही, पण त्यानं घातलेलं कुंपण लोक थांबून बघत. झुडपाची फांदी बुंध्याशी अर्धी कापायची, तिला मरू न देता आडवी झोपवायची आणि खुंट्यांमधून गुंतवत न्यायची, हे काम त्यानं चाळीस हिवाळे केलं. उन्हाळ्यात मेंढ्या कातरायच्या, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचं आणि गुरुवारी संध्याकाळी फ्लीसमध्ये जायचं. बोलण्याचा त्याला कंटाळा. बायको एनिड म्हणायची, "ह्याच्याकडून शब्द काढण्यापेक्षा मेंढीकडून दूध काढणं सोपं." ते खरंही होतं.

फ्लीस म्हणजे गावातला एकुलता एक पब. त्याच्या मागच्या लांबट खोलीत भिंतीवर एक लोखंडी पत्रा टांगलेला असे. पत्र्याच्या मधोमध करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक आणि भोकाच्या मागे घंटा. सहा यार्डांवर उभं राहून छर्‍याच्या बंदुकीनं नेम धरायचा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजते आणि पाच गुण मिळतात. नाही गेला तर पत्र्यावर फासलेल्या ओल्या पांढर्‍या रंगात काळा डाग उठतो, गुण कमी मिळतात आणि टोमणे जास्त. त्या डोंगराळ भागातल्या प्रत्येक पबचा असा एक संघ, आणि हिवाळाभर गुरुवारी एकमेकांच्या गावी जाऊन सामने. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. बाहेरच्या माणसानं एकदा तिथं उभं राहून, पाठीमागे वीस माणसं बिअर हातात धरून गप्प झालेली असताना, चाप ओढून बघावा.

हेडली त्या संघात लग्नाच्या आधीपासून होता. त्याची जुनी बंदूक त्याच्या वडिलांची. तिचा चाप झिजत झिजत इतका हलका झाला की एका गुरुवारी छर्रा भरून नळी बंद करता करताच तिनं स्वतःहून बार काढला. छर्रा गेला तो थेट काउंटरवरच्या व्हिनेगरमधल्या अंड्यांच्या बरणीत. संघाचा कप्तान क्लेम प्रॉसर हा मेंढ्यांचा व्यापारी, आवाज डोंगराच्या पलीकडे जाईल असा. त्यानं तिथल्या तिथे निकाल दिला.

"हेडली, आज अंडी गेली. उद्या माझं डोकं जाईल. ही बंदूक पुन्हा ह्या खोलीत दिसता कामा नये."

"तुझ्या डोक्यानं काही फरक पडणार नाही," हेडली म्हणाला. पण ऐकलं त्यानं.

नवी बंदूक त्यानं बाजाराच्या गावी गिटिन्सच्या दुकानातून घेतली. गिटिन्स म्हातारा, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारा, पण बंदुकीच्या बाबतीत पक्का. त्यानं नवी बंदूक हेडलीच्या हातात दिली आणि लगेच परत काढून घेतली.

"मिस्टर बफ्टन, तुम्ही हिचा गळा दाबताय."

"मग बंदूक धरायची नाही तर काय करायचं?"

"झोपलेल्या मांजराखाली हात घालता ना, तसा घाला. तळवा उघडा. बोटं वळवायची नाहीत." गिटिन्सनं करून दाखवलं. "हिच्या आत तगडी स्प्रिंग आहे. ती सुटली की बंदूक आधी मागे उसळते, मग पुढे, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. तिला दर वेळी सारखी उसळू दिलीत तर छर्रा दर वेळी एकाच जागी जाईल. आवळून धरलीत तर तुमच्या मुठीच्या मर्जीनं जाईल."

"बरं."

"आणि तेल पाजू नका. जुनीच्या दट्ट्याला चामड्याचा वायसर होता, तो तेलावर जगतो. हिला तसला नाही. तेलाचा थेंब आत पडला तर दाबानं आतल्या आत पेटतो आणि छर्रा जाईल तिकडे जातो. कारखान्यातलं ग्रीस असेल ते छर्‍यांच्या पहिल्या डबीत जळून जाईल. मग नेम बसवायला घ्या. आधी नको."

हेडलीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. घरी येऊन एनिडला मात्र एवढंच सांगितलं की आणली. तेलाचं, दट्ट्याचं तिला काय सांगायचं? बंदुकीची गोष्ट बायकोला सांगतात होय?

लोकर ठेवायच्या कोठीत त्यानं सहा यार्ड मोजून पत्रा लावला. पहिली डबी नुसती उडवली. धूर आला, जळका वास आला, एक-दोनदा फटाक्यासारखा आवाजही आला, मग हळूहळू ते थांबलं. दस्त्याचे स्क्रू तेवढ्यात ढिले झाले होते, ते त्यानं आवळले. मग नेम बसवायला घेतला, आणि छर्रे पत्र्यावर देवी आल्यासारखे पसरले.

दोष मुठीचा होता. चाळीस वर्षं कोयता धरलेला हात उघडा राहायला तयार नव्हता. तळवा उघडा ठेवायचा म्हणून तो मनाशी घोकायचा आणि चाप ओढायच्या क्षणी बोटं आपोआप दस्त्याभोवती वळायची. शेवटी त्यानं डाव्या हाताच्या बोटांमध्ये लोकरीचा पुंजका धरला. पुंजका दाबला गेला की तो नेम मोडायचा, श्वास सोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दस्ता तळव्यावर कुठे टेकतो तिथं त्यानं खडूची रेघ मारून घेतली, म्हणजे दर वेळी जागा तीच. गाल टेकायची जागाही तीच.

डाग जवळ जवळ यायला लागले. आता मोह होता तो नेम धरायच्या मागच्या खाचेचा स्क्रू फिरवायचा. एक छर्रा डावीकडे गेला की हात स्क्रूकडे जातो. हेडलीनं तो मोह आवरला. पाच छर्रे मारायचे, पाचांचा मध्य बघायचा आणि मग त्या मध्यासाठी स्क्रू एकच खूण फिरवायचा. पुन्हा पाच. कुंपणाचं कामही असंच चालतं, एका फांदीकडे बघून कुणी ओळ धरत नाही. बुधवारी दुपारी पाचही छर्रे भोकातून गेले, आणि भोकामागे त्यानं ठेवलेल्या पुठ्ठ्यावर सदर्‍याच्या बटणाखाली झाकेल एवढंच छिद्र पडलं.

एनिड चहा घेऊन आली होती. तिनं पुठ्ठा उजेडात धरला.

"हे एकाचं?"

"पाचांचं."

"मग चार वायाच गेले की," ती म्हणाली आणि पुठ्ठा त्याला परत दिला. हेडलीला हसू आलं. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आणि गुरुवारी फ्लीसमध्ये त्यानं माती खाल्ली.

सरावाची, गुणांत न धरायची पहिली गोळी भोकाच्या वर गेली. ठीक आहे, पहिलीच आहे. मोजणीची पहिली त्याहून वर. दुसरी खाली. तिसरीला घंटा वाजली, चौथी पुन्हा वर. खोलीत कोळशाचा आणि तंबाखूचा धूर, त्यात कुठला वास कुणाला येणार. हेडली घाबरला आणि जे कोठीत एकदाही केलं नव्हतं ते त्यानं भर सामन्यात केलं, एका छर्‍याकडे बघून स्क्रू फिरवला. मग पुढच्यासाठी उलटा फिरवला. शेवटी नेम कुठे होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"नाचता येईना अंगण वाकडं," क्लेम म्हणाला. "स्क्रूला काय पिळतोयस? तो बिचारा गरीब आहे."

"साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं," कुणीतरी मागून म्हणालं, "ह्याचा तर नेम पण नाठी."

सगळे हसले. हेडलीही हसला. घरी येऊन त्यानं बंदूक कोपर्‍यात ठेवली आणि न जेवता झोपायला गेला.

दुसर्‍या दिवशी कोठीत पहिले काही छर्रे इकडेतिकडे गेले. बंदूक गारठली असेल, तो म्हणाला. फिरवलेला स्क्रू त्यानं परत जागेवर आणला आणि संध्याकाळपर्यंत छिद्र पुन्हा बटणाएवढं झालं. शनिवारीही तेच, बुधवारीही तेच. आणि गुरुवारी फ्लीसमध्ये पुन्हा फजिती. असं एकदा नाही, दर गुरुवारी झालं. घरी नेम सुतात, चार माणसांत उभा राहिला की सगळं गेलं. आता बंदुकीला दोष देण्याइतका हेडली निलाजरा नव्हता. बंदूक दोन्हीकडे तीच होती. मग राहिला हात.

त्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, ह्याच वयात. आधी सदर्‍याची बटणं लागेनाशी झाली. मग दाढी आई करून द्यायची. शेवटी शेवटी चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक दोन्ही हातांत धरलं तरी पानं फडफडायची, आणि लोक मुद्दाम दुसरीकडे बघायचे. आणि त्यांचंही पहिल्या वर्षी घरी सगळं ठीक असायचं. चार लोकांसमोर गेले की हात थरथरायला लागायचा. हे हेडलीला आठवलं तेव्हा तो कुंपणाकडेच्या चरात उभा राहून खुंट्या ठोकत होता. त्यानं कोयता हातात सरळ पुढे धरला आणि पात्याच्या टोकाकडे बघत राहिला. टोक हललं. कुणाचंही हललं असतं. पण त्यानं तो दिवसभरात पुन्हा पुन्हा धरून पाहिला, आणि भीतीनं बघणार्‍याला जे दिसायचं तेच त्याला दिसलं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. एनिडला तर नाहीच. सकाळी बटणं लावताना तो तिच्याकडे पाठ करायला लागला.

हंगामाचा शेवटचा सामना बर्लोपच्या संघाशी होता, नँटहोपमध्येच. त्याच्या आदल्या दिवशी क्लेम प्रॉसर स्वतः शेत तुडवत हेडलीच्या कुंपणापाशी आला. इतकं चालत येणं हे क्लेमच्या स्वभावात नव्हतं, म्हणजे काम नाजूक होतं. त्यानं आधी कुंपण वाखाणलं. मग हवा. मग दोघांनी मिळून एका मेंढीकडे बराच वेळ पाहिलं.

"डेस हेमर तयार आहे," क्लेम शेवटी म्हणाला. "राखीव म्हणून वर्षभर बसून आहे पोरगा. मी तुला काढत नाही, हेडली. तुला काढणारा मी कोण? पण उद्या दुपारी मी फळ्यावर नावं लिहीन. त्याच्या आत मला सांग, तू की तो."

"सांगतो."

"तुझ्या मनात नसेल तर..."

"सांगतो म्हटलं ना."

गुरुवारी सकाळी हेडली क्लेमच्या फाटकाशी गेला. क्लेम मेंढ्या गाडीत चढवत होता.

"डेसला घे," हेडली म्हणाला.

"कारण?"

"हात."

क्लेमनं फाटकाची कडी उगाच काढली आणि पुन्हा घातली. "बरं," एवढंच म्हणाला. हेडलीच्या वडिलांची शवपेटी खांद्यावर घेणार्‍यांत तोही होता.

हेडलीला त्या दिवशी काम होईना. दुपारच्या जेवणाला तो एरवी शेतातच पाव-चीज खायचा, आज घरी आला. स्वयंपाकघराचं दार उघडलं तर एनिड टेबलापाशी बसली होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर त्याची नवी बंदूक नळी सांध्यात वाकवून, उघडून ठेवलेली, आणि एनिडच्या हातात लांब चोचीची तेलाची बुधली. जीभ ओठांत धरून ती नळीच्या मागच्या बारक्या भोकात थेंब सोडत होती. एक सोडला, थांबली, दुसरा सोडला. मग फडक्यानं भोक पुसलं. शिवणकाम करताना जेवढं मन लावून करायची तेवढंच.

"काय करतेयस?" हेडलीनं विचारलं.

"आज गुरुवार ना?"

"मग?"

"मग काय, तेल." तिनं वर पाहिलं. "तू इतक्या लवकर कसा?"

"दर गुरुवारी घालतेस?"

"नाहीतर कोण घालणार, परी येते वाटतं? लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात तूच म्हणालास, काट्यांनी बोटं फाटलीत, बुधली धरवत नाही, तू घाल. मग घालायला लागले. पुन्हा कधी तू बुधली मागितली नाहीस." तिनं बुधलीला बूच लावलं. "जुनीचं सोपं होतं. हिचं भोक कुठे आहे ते शोधायलाच मला पहिल्या दिवशी किती वेळ लागला. एक थेंब पुरे की दोन, कळेना. म्हटलं नवी आहे, दोन घालू."

हेडली दारातच उभा राहिला. तीस वर्षांहून जास्त काळ ती बंदूक त्यानं दर गुरुवारी कोपर्‍यातून उचलली, आणि तिला तेल कोण घालतं हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. इस्त्रीचे सदरे जसे कपाटात आपोआप उगवतात, तशी बंदूक आपोआप तेलकट राहते, असाच त्याचा समज असावा. पुरुषमाणसं घरात अशीच राहतात, आणि बर्‍याच जणांचं त्यावाचून काही बिघडत नाही. ह्याचं बिघडलं.

"नवीला तेल लागत नाही म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणे?"

"गिटिन्स."

"कधी म्हणाला?"

हेडलीला खोटं बोलता येत नसे. "घेतली तेव्हा."

एनिडनं वर्तमानपत्राची घडी घातली. हेडलीनं बंदूक उचलली आणि कोठीकडे गेला.

पहिल्या छर्‍याला फट् असा आवाज झाला, जळकं तेल नाकात गेलं आणि डाग भोकाच्या वर उठला. दुसरा वर, तिसरा खाली. पबमध्ये दर गुरुवारी पडायचे तस्सेच. त्यानं स्क्रूला हात लावला नाही. मारत राहिला. वास कमी होत गेला, आवाज बसत गेला, डाग एकमेकांकडे सरकत आले, आणि मग घंटेची जागा जिथं असते तिथल्या पुठ्ठ्यावर बटणाएवढं छिद्र पडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हेडलीनं बंदूक खाली ठेवली, लोकरीच्या पोत्यावर बसला आणि रडला. वडील वारले तेव्हाही तो असा रडला नव्हता. हात शाबूत होता. बाकी त्याला काही सुचत नव्हतं.

सुचलं तेव्हा पहिला विचार क्लेमचा आला. क्लेम एव्हाना बाजारातून परतून फळ्यावर नावं लिहीत असेल. धावत जाऊन सांगावं, हात ठीक आहे. तो विचारणार, मग काय झालं होतं? आणि मग एनिडचं नाव घ्यावं लागणार. नँटहोपमध्ये एखाद्याला टोपणनाव चिकटलं की ते थडग्याच्या दगडापर्यंत जातं. एका मेंढपाळानं तरुणपणी चुकून दुसर्‍याचा कुत्रा घरी नेला होता, तो मेला तेव्हा सत्तरीचा होता आणि लोक 'कुत्रेचोर गेला' म्हणाले. एनिडला ते सगळा जन्म तेलावरून चिडवणार. दुकानात, चर्चच्या दारात, सगळीकडे. हेडलीनं ठरवलं की बोलायचं नाही. गावाला हात गेला असं वाटलं तर वाटू दे. पुढच्या हिवाळ्यात बघू.

संध्याकाळी तो फ्लीसमध्ये गेला तो रंग फासायला. प्रत्येक छर्‍यानंतर पत्र्यावर पांढरा रंग ब्रशानं पुन्हा फासायचा आणि गुण ओरडून सांगायचे, हे काम कुणीतरी करावंच लागतं. त्यानं ब्रश हातात घेतला तेव्हा कुणीही टोमणा मारला नाही. तेच वाईट होतं. सहा आठवडे त्यांनी त्याची सालटी काढली होती, आणि आज सगळे त्याच्याशी दवाखान्यातल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते. एकानं त्याच्यासाठी खुर्ची आणली. टोमणे बंद झाले की माणूस संपला असं समजावं, आणि हेडलीला ते कळत होतं. त्याला रागही आला. तरी ब्रश तो अगदी सरळ रेषेत ओढत होता, आणि सगळे त्या ब्रशाकडे न बघण्याचा आटापिटा करत होते.

निम्मा सामना झाला, सँडविचची ताटं आली, आणि ताटांच्या पाठोपाठ एनिड आत आली. कोटाच्या खाली अ‍ॅप्रन तसाच. गुरुवारी बायका त्या खोलीत येत नसत. तसा नियम नव्हता, पण येत नसत.

"क्लेम प्रॉसर," एनिड म्हणाली, "ह्यानं तुला सकाळी काय सांगितलं?"

"एनिड, बस जरा. काही घेतेस का?"

"हात गेला म्हणाला ना? तुझ्या बायकोनं सांगितलं मला. हात धडधाकट आहे त्याचा. त्या नव्या बंदुकीला तेल चालत नाही, आणि मी दर गुरुवारी तिला न चुकता तेल पाजत होते. मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. ह्याला आज दुपारी कळलं."

क्लेमनं ग्लास खाली ठेवला. "दुपारी कळलं? मग हेडली, तू इथं दोन तास ब्रश घेऊन उभा आहेस, तोंड नव्हतं तुला?"

हेडली ब्रशाकडे बघत राहिला.

"माझं नाव घ्यावं लागलं असतं," एनिड म्हणाली. "तुम्ही लोकांनी मला जन्मभर सोडलं नसतं. म्हणून हा हात गेला म्हणवून घेत उभा आहे, गाढव." तिचा आवाज शेवटच्या शब्दावर फाटला. तिनं नाक पुसलं आणि सगळ्यांकडे वळली. "हसायचं असेल तर हसून घ्या. पण आधी सांगा, तुमच्या बंदुकांना तेल कोण घालतं?"

कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी आपापल्या बंदुकांकडे पाहिलं.

"मी स्वतः घालतो," कोपर्‍यातून एकजण म्हणाला, आणि त्याचा शेजारी म्हणाला, "तुला बुधली कुठे असते ते तरी माहीत आहे का?"

"आमच्याकडे बहुतेक पेगी घालत असणार," क्लेम सावकाश म्हणाला. पेगी त्याची बायको. "विचारायला पाहिजे."

बर्लोपचा कप्तान भला माणूस होता. त्यानं पुढे येऊन सांगितलं की फळ्यावरचं नाव बदलायला त्यांची हरकत नाही, बफ्टननं अजून खेळावं. डेस हेमरनं लगेच स्वतःची बंदूक भिंतीला टेकवली. "घ्या मिस्टर बफ्टन, तुमचीच जागा आहे."

हेडलीनं त्याच्याकडे पाहिलं. डेसनं दाढी गुळगुळीत केली होती आणि नवा सदरा घातला होता.

"मी तुला जागा दिली ती दिली," हेडली म्हणाला. "खेळ तू. आणि बोटं वळवू नकोस, तळवा उघडा ठेव."

नँटहोप दोन गुणांनी हरलं. डेसचा त्यात दोष नव्हता, त्यानं घंटा बर्‍यापैकी वाजवली. हरल्याचं दुःख क्लेमनं मोठ्या आवाजात केलं आणि शेवटी हेडलीच्या पाठीत थाप घातली. "पुढच्या वर्षी खेळायचं असेल तर घराला कुलूप लावून ये. नाहीतर एनिड बंदुकीला लोणी पण लावेल." खोली हसली. एनिडही हसली, आणि हेडलीला सहा आठवड्यांत पहिल्यांदा बिअरची चव लागली.

घर चढावर होतं. दोघं चालत निघाली.

"तुला खरंच वाटलं होतं का," एनिडनं विचारलं, "वडिलांसारखं झालं असं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

ती थांबली. श्वास लागला म्हणून थांबली असं त्याला वाटलं.

"तू पाठ करून बटणं लावायला लागलास तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "मलाही तेच वाटलं होतं, हेडली. मी तेव्हापासून तुझा कप निम्माच भरते. सांडला असता तर तुझं तुला कळलं असतं म्हणून."

हेडलीला कपाचं लक्षात आलं नव्हतं. निम्मा चहा तो रोज पीत होता आणि त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. उरलेला चढ ती त्याच्या दंडाला धरून चढली.

घरी आल्यावर एनिडनं कोट न काढताच चहा टाकला. कप काठोकाठ भरला, इतका की चहा कडेवर फुगून उभा राहिला, आणि तो त्याच्यापुढे टेबलावर ठेवून ती समोर बसली. हेडलीनं बशीला हात लावला नाही. कप उचलला आणि ओठांना लावेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिला.